सेकंदाला एक चेंडू: विटांचा जीबीसी मॉड्यूल कसा बांधावा

लेगो हौशींच्या प्रदर्शनात एका लांबलचक टेबलापाशी हमखास गर्दी असते. टेबलावर छोटे प्लास्टिकचे चेंडू एका यंत्राकडून दुसऱ्याकडे सरकत असतात. एक यंत्र त्यांना जिन्याने वर चढवतं, दुसरं स्क्रूमधून फिरवत नेतं, तिसरं हाताच्या पंजाने उचलून पुढे टाकतं. याला ग्रेट बॉल कॉन्ट्रॅप्शन, थोडक्यात जीबीसी म्हणतात. त्यातलं प्रत्येक यंत्र, म्हणजे मॉड्यूल, वेगळ्या माणसाने वेगळ्या घरी बांधलेलं असतं. प्रदर्शनाच्या सकाळी ती सगळी एकमेकांना टेकवली की चेंडू पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत विनासायास जातो. अमेरिकी हौशी स्टीव्ह हॅसेनप्लग आणि त्यांच्या सोबत्यांनी रूढ केलेल्या एका छोट्याशा नियमावलीमुळे हे शक्य होतं.

नियम मोजकेच आहेत. प्रत्येक मॉड्यूलला चेंडू घेणारी एक टोपली असावी. टोपली बाहेरून १० × १० स्टड (स्टड म्हणजे विटेवरचा गोल उंचवटा), तोंड आतून ८ × ८ स्टड, उंची १० विटा. मॉड्यूलने सरासरी सेकंदाला एक चेंडू पुढे न्यावा. चेंडू एकेक करून दिले तरी चालतात, घोळक्याने दिले तरी चालतात, पण एका घोळक्यात ३० पेक्षा जास्त नकोत. आणि चेंडू शेजाऱ्याच्या टोपलीत पडावेत. मधल्या जागेत काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

पहिल्या मॉड्यूलसाठी जिना निवडावा असं आमचं ठाम मत आहे. चेंडू उडवणारी यंत्रं दिसायला भारी असतात, पण शंभरातला एक चेंडू चुकला तरी जमिनीवर दर दोन मिनिटांनी एक चेंडू पडलेला असतो. जिना चेंडू हातचा सोडत नाही, कमी जागेत मावतो, आणि त्याचं गणित आधी कागदावर पूर्ण सोडवता येतं. खाली दिलेला जिना ३२ स्टडच्या लांबीत बसतो.

आकडे आधी, विटा नंतर

चार मापं पाठच हवीत. स्टडपासून स्टडपर्यंत ८ मिमी. प्लेटची, म्हणजे पातळ विटेची, उंची ३.२ मिमी. विटेची उंची ९.६ मिमी, म्हणजे तीन प्लेट. जीबीसीत वापरतात तो फुटबॉल किंवा बास्केटबॉलचा छोटा चेंडू सुमारे १४ मिमी व्यासाचा. चेंडू दोन स्टडपेक्षा (१६ मिमी) जेमतेम लहान आहे, म्हणून जिन्याची प्रत्येक पायरी २ स्टड खोल घ्यायची. रुंदी ६ स्टड, म्हणजे ४८ मिमी. त्यात तीन चेंडू शेजारीशेजारी बसतात आणि ६ मिमी मोकळे राहतात. रुंदी ५ स्टड ठेवायचा मोह टाळा. तिथे दोन चेंडू बसून १२ मिमी उरतात, तिसरा त्या फटीत अर्धवट रुततो आणि पायरी वर जाताना अडकतो.

जिन्यात हलणाऱ्या आणि स्थिर पायऱ्या एकाआड एक असतात. हलणारी पायरी खाली येते, मागच्या स्थिर पायरीवरचे चेंडू तिच्यावर घरंगळतात, ती वर जाते आणि चेंडू पुढच्या स्थिर पायरीवर सोडते. त्यासाठी प्रत्येक पायरीचा माथा पुढे झुकलेला हवा. २ स्टडच्या खोलीत १ प्लेट उतार पुरतो, म्हणजे साधारण ११ अंश. बिजागरीच्या प्लेटवर टाइल (स्टड नसलेली गुळगुळीत प्लेट) बसवून तो सहज मिळतो. माथ्यावर स्टड उघडे ठेवू नका, चेंडू त्यांच्यावर बसून राहतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं गणित. हलणाऱ्या पायऱ्यांची उचल किती हवी? दोन स्थिर पायऱ्यांमधला चढ, अधिक दोन माथ्यांचे उतार, अधिक थोडी सैल जागा. पायऱ्या वर-खाली करतो तो क्रँक, म्हणजे मोटरने फिरणाऱ्या शाफ्टवरचा छोटा हात. त्याची त्रिज्या २ स्टड (१६ मिमी) घेतली तर उचल ३२ मिमी, म्हणजे बरोबर १० प्लेट. त्यातून उताराच्या २ प्लेट आणि सैल जागेची १ प्लेट वजा करा. उरल्या ७. म्हणून स्थिर पायऱ्यांमधला चढ ७ प्लेटचा, म्हणजे २ विटा आणि १ प्लेट. ८ प्लेटचा चढ कागदावर जमतो, पण दांड्यांच्या जोडांमधली ढिलाई ती सैल जागा खाऊन टाकते आणि चेंडू कडेला टेकून माघारी येतात.

टोपलीचा तळ जिथे जिन्याला भिडतो ती कड ५ विटांच्या उंचीवर ठेवा. तिथून ७ प्लेटचे तीन चढ घेतले की १२ विटांची उंची मिळते. म्हणजे हलणाऱ्या पायऱ्या फक्त तीन. शेजाऱ्याची टोपली १० विटांची, त्यामुळे बाहेर जाणाऱ्या घसरणीला उतरायला दोन विटांची उंची हाताशी राहते. टोपलीचा तळ याहून खाली नेला तर पहिल्या स्थिर पायरीची भिंत पुरेशी खाली पोचत नाही आणि चेंडू तिच्याखाली नाक खुपसतो. मग पायरी वर गेली की तो चिरडला जातो किंवा मोटर थांबते.

सामान

गिअर, मोटर आणि दांड्या नेमक्या घ्या, भिंतींच्या विटा हाताशी असतील त्या चालतील. ३२ × ३२ ची बेसप्लेट एक. पायऱ्यांसाठी २ × ६ च्या विटा २१ आणि त्याच मापाच्या प्लेट ४. लेगोच्या पॉवर फंक्शन्स या जुन्या मालिकेतली एक्सएल मोटर आणि बॅटरी बॉक्स. गिअर: ८ दात्यांचा एक, ४० दात्यांचा एक, २४ दात्यांचा साधा एक आणि २४ दात्यांचा पांढरा क्लच गिअर (जास्त जोर आला की घसरणारा) एक. दोन टोकांना क्रॉस भोक असलेले ३ लांबीचे पातळ लिफ्टआर्म (भोकांच्या पट्ट्या) २, हे क्रँक; ७ भोकांचे लिफ्टआर्म २, या दांड्या. बाजूला भोकं असलेल्या टेक्निक विटा, वेगवेगळ्या लांबीचे अ‍ॅक्सल (क्रॉस आकाराचे आस), डझनभर बुश (अ‍ॅक्सल जागेवर धरणाऱ्या कड्या), घर्षण नसलेल्या पिना, लेगोचेच रबरबँड ४. चाचणीसाठी चेंडू किमान ६०.

हलत्या भागात घर्षणाच्या काळ्या पिना वापरणं ही नवख्यांची नेहमीची चूक. त्या घट्ट बसतात म्हणून बऱ्या वाटतात, पण फिरताना प्रत्येक पिन मोटरचा थोडा थोडा जोर खाते.

बांधणी

हलणाऱ्या तिन्ही पायऱ्या एका गाडीवर उभ्या असतात. गाडी म्हणजे तीन प्लेटचा थर, एक आडवा, एक उभा, पुन्हा एक आडवा. एकाच दिशेच्या प्लेट लावल्या तर गाडी मध्ये वाकते. सगळ्यात खालच्या स्थितीत गाडीचा तळ बेसप्लेटच्या १ प्लेट वर राहिला पाहिजे, नाहीतर तो बेसप्लेटच्या स्टडांवर आपटतो आणि दिवसभर टकटक ऐकू येते.

गाडीवर पहिली पायरी ३ विटांची. दुसरी ५ विटा आणि १ प्लेटची. तिसरी ७ विटा आणि २ प्लेटची. प्रत्येकीवर तो झुकलेला माथा. पायऱ्यांमध्ये २-२ स्टडची मोकळी जागा सोडा, तिथे स्थिर पायऱ्या येतील.

स्थिर पायऱ्या दोनच. पहिली २ विटांची, दुसरी ४ विटा आणि १ प्लेटची, वर माथा. दोन्हींचा तळ ५ विटांच्या उंचीवर. त्यांच्या खालून गाडी वर-खाली जाते, म्हणून त्या जमिनीवर टेकवता येत नाहीत, पुढच्या आणि मागच्या भिंतींना धरून लटकतात. त्या भिंतींचे खांब गाडीच्या दोन्ही टोकांपलीकडे घ्या आणि मधलं अंतर लांब टेक्निक विटांनी पार करा. खांबांना वरच्या बाजूने प्लेटने बांधा. जिना थरथरतो तो बहुतेक वेळा इथल्या कच्च्या बांधणीमुळे.

हलणारी पायरी आणि स्थिर पायरी यांच्यात नैसर्गिक फट किती असते? विटा मुळात किंचित कमी मापाच्या असतात: २ स्टडची वीट १५.८ मिमी भरते, आणि २ स्टडची खाच १६.२ मिमी. दोन्ही बाजूंना ०.२ मिमी. सरळ वर-खाली जाणाऱ्या पायरीला तेवढं पुरतं, तिरक्या झालेल्या पायरीला अजिबात पुरत नाही. म्हणून गाडी तिरकी न होऊ देणं हे या बांधणीतलं खरं कसब आहे.

क्रँकचा शाफ्ट मागच्या भिंतीबाहेर, चेंडूंच्या वाटेला समांतर ठेवा. गाडीचे दोन हात मागे भिंतीखालून बाहेर काढा, प्रत्येकावर एक टेक्निक वीट, आणि तिथून ७ भोकांचा लिफ्टआर्म वर शाफ्टवरच्या क्रँकला. ३ लांबीच्या लिफ्टआर्मच्या टोकाच्या भोकांमधलं अंतर २ स्टड, ७ भोकांच्या लिफ्टआर्ममध्ये ६ स्टड. दोन्ही मिळून हिशेब असा लागतो की शाफ्ट धरणाऱ्या टेक्निक विटेचा तळ बेसपासून बरोबर ८ विटांच्या उंचीवर येतो. दांडी क्रँकच्या तिप्पट लांब आहे, त्यामुळे ती फार तिरकी होत नाही आणि गाडीला बाजूला ढकलत नाही. याहून आखूड दांडी घेऊ नका.

दोन्ही क्रँक एकाच शाफ्टवर, एकाच दिशेला. क्रॉस अ‍ॅक्सलवर क्रँक चार दिशांनी बसू शकतो. एक जरी चौथाई फेरीने चुकला तर गाडी पहिल्या फेरीतच अडकते. ढकलणारा जोर मागच्या बाजूला आहे, त्यामुळे पुढची बाजू खाली लोंबायला बघते. तिला पुढच्या भिंतीवरून दोन रबरबँडांनी उचलून धरा. ताण इतका हवा की दांड्या सोडल्यावर गाडी मधल्या उंचीवर तरंगत राहील. शिवाय पुढे आणि मागे उभ्या खाचा करून त्यांना आतून टाइल लावा, गाडी त्यांत सरकेल.

टोपली आणि जिना जिथे मिळतात तिथे हमखास अडकणारी जागा असते. टोपलीच्या भिंतीत ६ स्टड रुंद आणि २ विटा उंच तोंड ठेवा. १९ मिमी उंचीतून चेंडूंचा एकच थर बाहेर येतो, दोन थर येत नाहीत. पण तोंडाची वरची चौकट जिन्याला चिकटून असेल तर अर्धा पायरीवर आणि अर्धा टोपलीत असलेला चेंडू वर जाताना चौकटीत चेचला जातो. यावर उपाय एकच: टोपलीचा तळ भिंतीच्या १ स्टड पुढे काढा. तो १ स्टड म्हणजे ८ मिमी, चेंडूची त्रिज्या ७ मिमी. चेंडू चौकटीला न लागता वर निघून जातो.

टोपलीचा तळ तोंडाकडे २ प्लेटने उतरता ठेवा. ३० चेंडूंचा घोळका आतल्या ८ × ८ जागेत साधारण दोन थरांत बसतो, म्हणजे तळ वर उचलूनही एक पूर्ण घोळका निवांत मावतो.

वरच्या टोकाला घसरण. तिची रुंदी शेवटपर्यंत ६ स्टडच ठेवा. ती निमुळती करून २ स्टडवर आणली की तोंडाशी चेंडूंची कमान तयार होते. दोन-तीन चेंडू एकमेकांना टेकून पुलासारखे उभे राहतात आणि मागचा लोंढा थांबतो. शेजाऱ्याचं तोंड ८ स्टडचं आहे, ६ स्टडची घसरण त्यात तशीच ओतते. घसरण तिसऱ्या पायरीच्या जरा खालून, १२ विटा आणि १ प्लेटच्या उंचीवरून, निघते आणि ११ विटांवर संपते. उतार सलग हवा, पायऱ्यापायऱ्यांचा नको. सपाट टप्प्यावर सावकाश आलेला चेंडू थांबतो.

घसरणीचं टोक मॉड्यूलच्या कडेपुढे २ स्टड काढा आणि त्याच्यापुढे ३ स्टडवर एक आडवी भिंत लटकवा. ही भिंत बरेच जण विसरतात. मोकळा घरंगळत आलेला चेंडू इतक्या वेगात असतो की शेजाऱ्याची टोपली ओलांडून पलीकडच्या यंत्रात जाऊ शकतो.

मोटर, गिअर आणि वेगाचा लोभ

एक्सएल मोटर ९ व्होल्टवर, भार नसताना, मिनिटाला सुमारे २२० फेरे घेते. ८ दात्यांवरून ४० दात्यांवर गेलं की वेग पाचपट कमी, म्हणजे ४४ फेरे. भाराखाली ३५ ते ४० उरतात. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, सहा मिळून ७.२ व्होल्ट, तिथे भार नसतानाच ३५ च्या आसपास मिळतात. एका फेरीत जास्तीत जास्त तीन चेंडू चढतात. पायऱ्या सरासरी दोन चेंडूंनी भरल्या तरी ३५ फेऱ्यांत मिनिटाला ७० होतात. मानक ६० चं आहे.

मग वेग दुप्पट केला तर? तर चेंडू कमी चढतील. हलणारी पायरी स्थिर कडेच्या वर फक्त शेवटच्या एका प्लेटपुरती असते. क्रँकच्या फेरीचा तो साधारण पाचवा हिस्सा. ४० फेऱ्यांच्या वेगात एक फेरी दीड सेकंदाची, म्हणून चेंडूला पुढे निघायला सुमारे ०.३ सेकंद मिळतात. ११ अंशांच्या उतारावर २ स्टड पार करायला त्याला साधारण ०.१५ सेकंद लागतात. ८० फेऱ्यांवर मिळणारा वेळ नेमका तेवढाच उरतो, आणि निम्मे चेंडू पायरीवर बसूनच खाली परततात. जिना मंद वाटला तर आधी पायऱ्या नीट भरतात का ते बघा, मोटरला हात नंतर लावा.

८ आणि ४० दात्यांच्या गिअरमध्ये ३ स्टडचं अंतर लागतं. ते एकाच आडव्या बीमवर घ्या. विटा आणि प्लेट रचून उभ्या दिशेत ३ स्टड (२४ मिमी) मिळतच नाहीत. २ स्टड मिळतात, मध्ये २ प्लेट टाकून. ४ स्टड मिळतात, मध्ये ७ प्लेट टाकून. ३ मात्र जवळपास जुळल्यासारखे वाटतात आणि मग दाते एकतर घासतात किंवा उडी मारतात. गिअरच्या दोन्ही बाजूंना आधार द्या. एका बाजूने लटकलेला अ‍ॅक्सल जोर आला की वाकतो.

क्लच गिअर मोटरच्या बाजूला, म्हणजे वेग कमी होण्याआधी, २४ च्या साध्या गिअरसोबत लावा (अंतर पुन्हा ३ स्टड). त्याच्यावरच २.५ ते ५ न्यूटन-सेंटिमीटर असं छापलेलं असतं. क्रँकच्या बाजूला लावला तर रबरबँड सैल पडल्याबरोबर गाडीच्या निव्वळ वजनानेच तो घसरायला लागेल.

नव्या ब्लूटूथ हबवर मोटर चालवायला फोन किंवा रिमोट जोडलेला लागतो. दिवसभर चालणाऱ्या टेबलावर म्हणूनच जुना बॅटरी बॉक्स किंवा जुन्या ९ व्होल्ट ट्रेनचा रेग्युलेटर जास्त सोयीचा पडतो.

चाचणी

मोटर जोडण्याआधी शाफ्ट दोन बोटांनी फिरवा. पूर्ण फेरी सारख्याच जोरात झाली पाहिजे. एखाद्या ठिकाणी जड गेलं तर तिथेच थांबून कारण शोधा. बहुतेक वेळा बुश फार घट्ट दाबलेला असतो. बुश आणि भिंतीत कागदाइतकी फट हवी.

मग ६० चेंडू थोडेथोडे करून टोपलीत सोडा आणि वेळ लावा. ५० सेकंदांत टोपली रिकामी झाली तर उत्तम, ६० च्या वर गेली तर अजून काम आहे. त्यानंतर ३० चेंडू एकदम ओता, सलग दहा वेळा. यात एकदाही हात लावावा लागला तर ती चूक प्रदर्शनात दर पाच मिनिटांनी भेटणार हे धरून चाला.

शेवटी सलग दोन तास चालवा. अ‍ॅक्सलखाली बारीक भुकटी दिसली तर प्लास्टिक झिजतंय. तो शाफ्ट कुठेतरी तिरका आहे, किंवा त्याला मधला आधार कमी आहे. तेल घालून झाकू नका, पेट्रोलियमच्या तेलाने एबीएसला, म्हणजे विटांच्या प्लास्टिकला, तडे जाऊ शकतात. मोटर हाताला कोमट लागली तर ठीक, गरम लागली तर रबरबँडचा ताण पुन्हा जुळवा. मॉड्यूल टेबलावर हळूहळू सरकत असेल तर बेसखाली सरकणं रोखणारी जाळी अंथरा. दोन मॉड्यूलमध्ये एका स्टडची फट पडली की चेंडू टोपलीच्या काठावर आदळायला लागतात.

चेंडू वेळोवेळी साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, ४० अंशांपेक्षा गरम पाण्यात नको. हातांचा तेलकटपणा आणि धूळ साठली की ते घरंगळायचे थांबतात, आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो.

टेबलावर मांडताना

आयोजकांना तीन गोष्टी आधीच विचारा: चेंडू कुठल्या दिशेने जातात, टोपली टेबलाच्या कडेपासून किती आत आहे, आणि वीज कुठून मिळणार. सोबत ठेवा जादा मोटर, भरलेले सेल, रबरबँड आणि एक लांब चिमटा. आपले चेंडू मोजून आणा, पण तेच परत मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. काही तासांत सगळ्यांचे चेंडू एकमेकांत मिसळलेले असतात.

तुमचा मॉड्यूल बंद पडला तर आधी त्याच्या मागच्या शेजाऱ्याला सांगा. मागून चेंडू येतच राहतात आणि टोपली मिनिटाभरात ओसंडते. ओंजळभर चेंडू काढून पुढच्या टोपलीत टाकत राहणं आणि तेवढ्यात दुरुस्ती करणं, ही या टेबलावरची साधी पद्धत. शेजाऱ्याचा बंद पडला तर त्याच्यासाठीही हेच करायचं.

समोरच्या बाजूला पारदर्शक पॅनेलचा तीन विटांचा कठडा लावा. लहान मुलांची बोटं गिअरपर्यंत पोचत नाहीत आणि चढणारे चेंडू त्यांना नीट दिसतात. जिना फिक्या करड्या रंगात ठेवला तर रंगीत चेंडू उठून दिसतात. रंगसंगतीचं यापलीकडे काही सांगण्यासारखं नाही, आवडेल तसं करा.

यंत्राची मूळ रचना दुसऱ्या कुणाची असेल तर नावाच्या पाटीवर तसं लिहा. जपानचे आकियुकी यांची यंत्रं जगभरातल्या हौशींनी पुन्हा बांधली आहेत, आणि त्या पाट्यांवर त्यांचं नाव असतं. तुमचा जिना वेगळा झाला असेल, एखादी अडचण तुम्ही नव्याने सोडवली असेल, तर तीही दोन ओळींत पाटीवर लिहा. टेबलापलीकडून वाकून गाडीकडे बघणारा माणूस बहुतेक वेळा तेच शोधत असतो.

परतताना गाडी सगळ्यात खालच्या स्थितीत आणून रबरबँड काढून ठेवा. ताणलेले बँड खोक्यात महिनाभर राहिले की सैल पडतात, आणि पुढच्या वेळी जिना पहिल्याच मिनिटाला कुरकुरतो.